भरिताचा मुलूख

खानदेशात मुद्दाम असे कोणी जात नाही; खानदेशातून जातात. मुंबईहून नागपूरला निघालेला प्रवासी चाळीसगाव, पाचोरा, जळगाव ही नावे अर्धवट झोपेत ऐकतो, भुसावळला गाडी थांबली की डोळे चोळत केळी घेतो आणि ‘काय हो हे ऊन!’ असे म्हणून पुन्हा खिडकी लावून घेतो. अजिंठ्याची लेणी पाहण्यासाठी जळगाव स्टेशनवर उतरणारी मंडळी असतात, नाही असे नाही. पण ती स्टेशनाबाहेर पडतात ती तडक मोटारीत बसतात आणि मराठवाड्यात जाऊन पोचतात. पुण्यामुंबईच्या घरांतून खानदेशाविषयी एकंदर माहिती एवढीच: ऊन, केळी, आणि घरात लग्न निघाले असेल तर जळगावचे सोने.

‘तिकडे पाहण्यासारखे काय आहे?’ असे मला स्टाफरूममध्ये नेहमी विचारतात. मी सांगतो, पाहण्याचे मागाहून पाहू. मार्गशीर्षात जा आणि आधी वास घ्या. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे संथ वाहणारी तापी, असा हा काळ्या मातीचा पट्टा. इंग्रजांनी १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे झाले, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. नकाशावर असे कितीही तुकडे पडोत, मार्गशीर्षातल्या संध्याकाळी सगळ्या खानदेशावर एकच वास तरंगत असतो. तो कपाशीच्या काड्यांच्या धुराचा आणि त्या धुरात भाजल्या जाणाऱ्या वांग्यांचा.

चातुर्मासात वांगे वर्ज्य. ते सुटते चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. इतर महाराष्ट्रात हा नैवेद्य एका दिवसात आटोपतो. खानदेशात मात्र तो जणू मोसमाचा नारळ असतो. त्या दिवसापासून पुढे माघापर्यंत शेताशेतांतून, मळ्यांतून, गच्च्यांवरून भरिताच्या पंगती उठत राहतात.

माझे धुळ्याला जाणे दोन ठिकाणांसाठी होते. एक राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले. जुन्या पोथ्या चाळायच्या तर मराठीच्या माणसाला तिथे पायधूळ झाडावीच लागते. धुळे म्हणजे नुसते दूधदुभत्याचे आणि मिरचीचे गाव अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की १९३२ साली विनोबांनी गीतेवरची प्रवचने दिली ती याच गावच्या तुरुंगात, आणि ती उतरून घेतली साने गुरुजींनी. दुसरे ठिकाण म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे घर. राजवाडे मंडळात डोक्याची सोय होते, ताईकडे पोटाची.

गेल्या डिसेंबरात गेलो तेव्हा ताईचा मुलगा रजेवर आलेला होता. हा माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. बाहेर बर्फ आणि आत इंजिनिअर, असा त्याचा तिथला संसार. तो नुकताच तिकडचा मोठा सण साजरा करून आला होता. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत कृतज्ञतेचा सण असतो. १९४१ साली त्यांच्या काँग्रेसने कायदा करून हा वार पक्का केला. त्या दिवशी घरोघर टर्की नावाचा अख्खा पक्षी भाजतात. योगायोग असा, की २०२५ साली आपली चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला आली आणि त्यांचा गुरुवार २७ ला. भाच्याने एका दिवशी फोनवरून आईला भरिताची आठवण काढून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे टर्कीवर ताव मारला. अशी दोन्ही दरडींवर पाय ठेवणारी ही पिढी!

टर्कीच्या नावाची गंमत मात्र भाषेच्या माणसाने सांगावी अशी आहे. पक्षी मूळचा अमेरिकेतला. इंग्रजांना वाटले तो तुर्कांच्या मुलखातून आला, म्हणून त्यांनी त्याला ‘टर्की’ केले. तुर्कांना वाटले तो हिंदुस्थानातून आला, म्हणून ते त्याला ‘हिंदी’ म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याला ‘पेरू’ म्हटले. गोव्यात नाताळाला भाजतात तो हाच पेरू. आपण मात्र पेरू म्हणतो तो एका फळाला. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या चिजा आणल्या त्यांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्यामानेचे रंग बदलतात याचे बादशहाला इतके नवल वाटले, की त्याने ते आपल्या आत्मचरित्रात नोंदवले. उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आणि वांगे? ते नेमके उलट्या वाटेने गेले. वांगे आपल्या देशातले. संस्कृतातला ‘वातिंगण’ इराणात ‘बादिंगान’ झाला, अरबांबरोबर पश्चिमेला गेला, पोर्तुगालात ‘बेरिंजेला’ झाला आणि पोर्तुगीजांच्याच गलबतातून ‘ब्रिंजल’ होऊन घरी परतला. एक पक्षी तिकडून इकडे आला, एक फळ इकडून तिकडे जाऊन आले, आणि दोघांचेही खलाशी एकच. ताईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘आणि दोघांच्याही नशिबी शेवटी विस्तवच ना?’’

धुळ्यात टर्की मिळण्याची सोय नाही. पण भाच्याला आईला तिकडचा प्रकार करून घालायचाच होता, तेव्हा त्याने बाजारातून दीड किलोची अख्खी कोंबडी सोलून आणली. रात्री तिची न्हाणी सुरू झाली. चार लिटर पाणी, त्यात पाव किलो मीठ, मूठभर गूळ, मिरे आणि तमालपत्र. पाण्याला उकळी आणून, ते पार गार करून, त्यात ती कोंबडी बुडवून पातेले रात्रभर फ्रीजमध्ये. ताईने आपले दही, लोणी, सायीची वाटी निमूटपणे शेजारणीच्या फ्रीजमध्ये हलवली.

‘‘अरे, मीठ लावायचं तर वरून लाव ना. असं बुडवून कशाला ठेवायचं?’’ ती म्हणाली.

भाच्याने मग शास्त्र सांगितले. ते मला पटले म्हणून इथे देतो. टर्कीची छाती मोठी आणि तिच्यात चरबी जवळजवळ नाही. मांड्यांचे मांस घट्ट. मांड्या शिजेपर्यंत विस्तव द्यावा तर छाती सुकून काथ्यासारखी होते. मिठाच्या पाण्यात ठेवले म्हणजे मीठ हळूहळू आत शिरते, मांसाच्या तंतूंतली काही प्रथिने त्याने सैल होतात, आणि मग ते तंतू विस्तवावरही पाणी धरून ठेवतात. पाच-सहा किलोचा पक्षी असा रात्रभर मुरवून, कोरडा पुसून, लोणी चोळून तीन-साडेतीन तास भट्टीत भाजायचा. आतले उष्णतामान ७४ अंश सेल्सियस झाले म्हणजे तयार. बाहेर काढल्यावर लगेच कापायचा नाही; अर्धा तास तसाच विसावू द्यायचा, म्हणजे रस बाहेर पळत नाही.

दुसऱ्या दिवशी ताईच्या लहानशा विजेच्या भट्टीत कोंबडी सव्वा तास भाजली. तापमापक नावाची सुई तिच्या मांडीत खुपसून भाचा डॉक्टरच्या चेहऱ्याने उभा राहिला. कोंबडी उतरली ती खरोखर तांबूस, तुकतुकीत आणि देखणी. मग त्याने खरी करामत केली. भाजायच्या थाळीच्या बुडाशी जे तूप आणि रस साठून करपायच्या बेताला आले होते, त्यात दोन चमचे मैदा परतला, कोंबडीची मान आणि काळीज उकळून ठेवलेले पाणी थोडे थोडे घातले, आणि उलथन्याने बूड खरवडत खरवडत दाट, तपकिरी रस केला. याला ते ग्रेव्ही म्हणतात. आपल्याकडे हॉटेलात कांदा-टोमॅटोच्या वाटणाला ग्रेव्ही म्हणतात, ती वेगळी. ही म्हणजे खरवडीचा रस्सा.

ताईने आधी रस्सा चाखला. ‘‘हे छान आहे,’’ ती म्हणाली. तिचे बोलणे जाणकाराचे होते. खानदेशी काळा रस्सा ती गेली चाळीस वर्षे करते आहे; कांदा अख्खाच निखाऱ्यात पुरून वरून कोळसा होईतो भाजायचा, सुके खोबरे ज्योतीवर धरायचे, खडा मसाला परतायचा आणि सगळे पाट्यावर बारीक वाटायचे. काळपट रंगात आणि करपण्याच्या एक पाऊल अलीकडच्या वासात चव कशी असते, हे तिला नवे नव्हते. मग तिने कोंबडीचा घास घेतला. सावकाश चावला.

‘‘मऊ आहे रे. पण ही चव मिठाची आहे. कोंबडीची कुठे आहे?’’

भाचा हसला आणि मग जरा गंभीर झाला. म्हणाला, ‘‘आई, तिकडे टर्कीचंही तेच झालंय.’’ आणि त्याने जे सांगितले ते माझ्या मनातून गेले नाही. मिनेसोटात टर्की पिकते असेच म्हणावे लागेल. अमेरिकेत सर्वांत जास्त टर्क्या तिथेच वाढवतात. लोकांना छातीचे पांढरे मांस हवे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून रुंद छातीची पांढरी जात तयार केली. ती झटपट वाढते, स्वस्त पडते, सणाला गरिबाच्याही टेबलावर येते. हे काही वाईट झाले नाही. पण त्या नराची छाती एवढी जड झाली, की त्याला मादीशी आपणहून संग करता येत नाही; सगळी वीण कृत्रिम रेतनाने. एवढ्या घाईने वाढलेल्या मांसात स्वतःची चव उतरायला उसंत नाही. म्हणून मिठाचे पाणी, म्हणून लोणी, म्हणून रस्सा. ‘‘पक्ष्यानं जे आतून द्यायचं, ते आम्ही बाहेरून घालतो, मामा,’’ तो म्हणाला.

ताई म्हणाली, ‘‘मग उद्या तुम्ही दोघे जळगावला जा. ज्याला बाहेरून काही घालावं लागत नाही ते खाऊन या.’’

धुळ्याहून जळगावचा रस्ता म्हणजे सुरत-नागपूर हमरस्ता. आता तो चौपदरी झाला आहे, आणि पूर्वी खड्ड्यांमुळे सक्तीने घडणारे निसर्गदर्शन बंद झाले आहे. पारोळ्याचा भुईकोट डावी-उजवी कळायच्या आत मागे पडतो. एरंडोलचा पांडववाडा नुसता पाटीवर दिसतो. पण डिसेंबरात या रस्त्याने जाताना शेतांकडे पाहावे. कपाशीची वेचणी बहुतेक उरकलेली असते. पांढरेपणा गेलेला, पाने गळलेली, आणि कमरेएवढ्या वाळक्या काड्यांची फौज रानभर उभी. या काड्या म्हणजे खानदेशचे जळण. पूर्वी त्या उपटून, मोळ्या बांधून, घरामागे रचून ठेवायच्या आणि वर्षभर चुलीत घालायच्या. आता चूल गेली, गॅस आला. शिवाय गुलाबी बोंडअळीने कापूसवाले बेजार आहेत. अळी काड्यांत आणि उरल्यासुरल्या बोंडांत दडून राहते, तेव्हा फरदड घेऊ नका, शेत वेळेवर मोकळे करा, असे शेतकीखाते सांगते. पुष्कळ जण ट्रॅक्टरच्या यंत्राने काड्यांचा भुगा करून जमिनीतच मिसळतात. जमिनीला ते चांगलेच. फक्त भरिताचा विस्तव तेवढा महाग झाला.

जळगावात शिरलो तर भरिताची दुकाने. तयार भरीत किलोच्या भावाने, शेजारी कढईत पुऱ्या. लोक डबे घेऊन उभे. गावाला या पदार्थाचा केवढा अभिमान आहे पाहा: डिसेंबर २०१८ मध्ये विष्णू मनोहर यांनी इथे एकाच कढईत अडीच हजार किलो भरीत केले आणि सारे गाव ते खायला लोटले. पण आम्हाला दुकानात थांबायचे नव्हते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे शेत बामणोदला आहे. यावल तालुक्यातले हे गाव भरिताच्या वांग्यांसाठी मुंबईपर्यंत माहीत आहे. वाटेत आसोद्याचा फाटा लागला. बहिणाबाई चौधरींचे हे माहेर. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीची गाणी तिच्या पश्चात, १९५२ साली, तिचे चिरंजीव सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे छापून निघाली. आसोद्याचीही वांगी नावाजलेली आहेत. भाच्याला म्हटले, ‘‘या मातीत दोन्ही पिकतं बरं का, वांगंही आणि वाङ्मयही.’’ कोटी बेताचीच होती, पण मामाची म्हणून तो हसला.

भुसावळपुढे तापी ओलांडली की केळीचे बागच बाग. सातपुड्याची निळी रेघ समोर. याच रस्त्याने पुढे गेले की फैजपूर. १९३६ साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन तिथेच झाले आणि त्याची सजावट नंदलाल बोसांनी केली. बामणोद त्याच्या अलीकडे. विद्यार्थी फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभाच होता.

बामणोदचे वांगे प्रथम पाहणाऱ्याला वाटते, हे वांगे नव्हेच. जांभळा रंग नावाला नाही. फिकट हिरवे, त्यावर पांढरट रेघा, तळहातावर मावणार नाही एवढे. हातात घेतले की वाटते त्यापेक्षा जड. चिरून पाहावे तर बिया थोड्या आणि गर लोण्यासारखा. २०१६ साली ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून त्याची भौगोलिक निर्देशांकात नोंद झाली. त्याच साली जळगावच्या केळीचीही.

मळ्यात पंचवीस-तीस माणसे जमली होती. भावकी, शेजारी, भुसावळहून आलेले दोन रेल्वेवाले, आणि आम्ही. अख्खी भाजायची वस्तू, मग ती टर्की असो की वांगी, एकट्यासाठी कधी करता येत नाही; तिला माणसे लागतात, आणि बहुधा माणसे जमावीत म्हणूनच ती करतात. इथे विस्तवाचे काम पुरुषांचे आणि पुऱ्यांचे बायकांचे, अशी वाटणी आहे. गप्पांचा वाटा पुरुषांकडे जास्त येतो तो असा.

जमिनीवर काड्यांचा एक थर पसरला. त्यावर वांगी ओळीने मांडली, प्रत्येकाला टोकदार काडीने टोचे मारून. विद्यार्थ्याचे वडील म्हणाले, ‘‘टोचे मारा लागतात सर, नाही तं वांगं फुटतं बॉम्बासारखं.’’ वर पुन्हा काड्या घातल्या आणि पेटवले. कपाशीची काडी पेटते ती एकदम. डोक्याएवढी ज्वाळा उठते, तडतडते, आणि पाचेक मिनिटांत निखाऱ्यावर येते. ज्वाळेने साल करपते, निखारा गर शिजवतो, आणि मधला धूर टोच्यांतून आत शिरतो. लाकडाचा विस्तव संथ, गॅसचा एकसुरी. या काडीचा विस्तव आधी चढा आणि मग मंद, वांग्याला हवा तसाच. लांब काठीने वांगी उलटीपालटी करत पंधरा-वीस मिनिटांत सगळी मऊ पडून खाली बसली. मग ती एका ठिकाणी रचून झाकून ठेवली. भाचा म्हणाला, ‘‘विसावा! आमच्यासारखाच.’’

साल काढायची ती देठाला धरून, हात पाण्यात बुडवून. वांगे पाण्यात बुडवायचे नाही, धुवायचे तर मुळीच नाही. वास तिथेच असतो. मग गर लाकडी उखळात घालून लाकडानेच ठेचला. तिकडे हिरव्या मिरच्या तेलात परतून लसणाबरोबर कुटल्या होत्या. कढईत तेल, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, मिरचीचा तो गोळा, शेवटी गर, कोथिंबीर आणि मीठ. भाच्याने मीठ पडताना पाहिले आणि मला कोपराने ढोसले. तिकडे मीठ आदल्या रात्री पडते, इथे सगळे झाल्यावर. पाण्याचा तर थेंबही नाही. वांग्याने आपलेच पाणी आणले होते.

केळीच्या पानावर भरीत, पुऱ्या, कळण्याची भाकरी (ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळलेली), कांदा, मुळा आणि वाटीत कढी. ‘‘जेवाले बसा,’’ असे म्हटल्यावर अर्धा तास कोणी बोलले नाही. खानदेशी तिखट किती, असे वाचक विचारतील. एवढेच सांगतो, की डोळ्यांत पाणी येते आणि हात थांबत नाही.

जेवणे झाल्यावर विद्यार्थ्याची आजी मला वांग्यांच्या सऱ्यांकडे घेऊन गेली. ऐंशीच्या पुढची, वाकलेली, पण सरीत शिरताना पाऊल रोपावर पडले नाही. दोन-तीन झाडांवरच्या एकेका फळाला तिने लाल चिंधी बांधली होती. मळ्यातली सर्वांत भरदार फळे तीच. ती तोडायची नाहीत; पिवळी होऊन पिकेपर्यंत झाडावर ठेवायची. मग गर कुस्करून पाण्यात घालायचा. तरंगते बी टाकून द्यायचे, बुडते ठेवायचे. राखेत घोळून सावलीत वाळवायचे आणि चिंधीत बांधून टांगायचे. राख कुठली? भरिताच्या विस्तवाची.

‘‘चांगलं ते खायाचं नसतं भाऊ,’’ ती म्हणाली, ‘‘चांगलं बियाले ठेवाचं.’’

विद्यार्थी मागेच उभा होता. त्याचे म्हणणे निराळे होते आणि तेही खरे होते. आजीच्या वांग्याला शेंडे आणि फळे पोखरणारी अळी फार. फवारण्यांचा खर्च बियाण्याच्या कितीतरी पट. फळे एकसारखी नाहीत, लांब पाठवावी तर दबतात. संकरित बी आणले तर फळे जास्त, आकार एक, व्यापारी खूश. ‘‘सर, नोंद नावाला मिळाली. भाव बाजार ठरवतो. आजीचं बी सांभाळायचं तर त्याचा तोटा कोणी सोसायचा?’’ याच अळीवर उपाय म्हणून बीटी वांगे निघाले होते. उलटसुलट बरेच वादळ झाले आणि केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशात ते २०१४ पासून लावतात. हा वाद शास्त्रज्ञांचा आहे आणि मराठीच्या अध्यापकाने त्यात निवाडा देऊ नये. पण ज्याच्या हातात फवारणीचा पंप आहे त्याला आपण पुण्यात बसून ‘जुनी चव जपा’ असे सांगणे फार सोपे आहे, एवढे मला त्या बांधावर कळले.

तेव्हा बोलला तो भाचा. त्याने टर्कीची गोष्ट सांगितली: छाती वाढवता वाढवता चव कशी गेली, आणि आता ती परत आणायला जुन्या जातींचे पक्षी काही शेतकरी कसे पाळतात, त्यांना चौपट किंमत मोजून लोक कसे नेतात. विद्यार्थी ऐकत राहिला. म्हणाला, ‘‘चौपट देतात ना? आमच्याकडे दुप्पट देणारा दाखवा, मी पूर्ण मळा आजीच्या बियांचा करतो.’’ यावर आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हते. आजीने भाच्याच्या हातावर पाच-सहा वांगी ठेवली. ‘‘आईले दे,’’ म्हणाली. बी मात्र दिले नाही, आणि त्यानेही मागितले नाही.

त्या वांग्यांचे भरीत ताईने धुळ्यात गॅसवर भाजून केले. चांगले झाले. पण ताई दोनदा म्हणाली, ‘‘काडीचा वास नाही.’’

या आषाढात विद्यार्थ्याचा फोन आला. मळ्यात संकरित रोपे लावली आहेत. मात्र विहिरीपलीकडे, केळीच्या आडोशाला, चार सऱ्या आजीच्या बियांच्या आहेत. वेगळ्या एवढ्यासाठी, की मधमाशा आणि भुंगे एका वांग्याचे पराग दुसऱ्यावर नेतात आणि बी भेसळते. शेजारी एक लहान गंजी कपाशीच्या काड्यांचीही राखून ठेवली आहे. आजीने जागा स्वतः दाखवली, असे तो म्हणाला.

वाचकहो, दिवाळीचा फराळ संपला की मार्गशीर्ष दूर नाही. अजिंठ्याला निघालात तर एक दिवस जास्त काढा आणि जळगावात मुक्काम करा. बाजारात हिरवी वांगी घ्याल तेव्हा भाव जरूर करा, तो आपला हक्कच आहे. पण त्याआधी विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा: ‘‘दादा, बी घरचं आहे का?’’ घरचे असेल तर दोन रुपये जास्त द्या. तुमच्या घरात त्या दोन रुपयांनी काही अडणार नाही. तिकडे मात्र असे विचारणारे वाढले, तर पुढल्या आषाढात विहिरीपलीकडच्या चार सऱ्यांच्या आठ होतील.